आजीबाईंनी जपलेली पत्रं

इंग्लंडमधल्या वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनी गळ्यात जो क्रूस घालत, त्यावर लॅटिन अक्षरं होती. पंडिता रमाबाईंची क्रूसाला हरकत नव्हती, अक्षरांना होती. त्यांनी मठातल्या सिस्टर जेराल्डाइनना पत्रातून सरळ कळवलं की मी क्रूस घालायचा असेल तर त्यावर संस्कृत शब्द हवेत. संस्कृत ही देवांची भाषा आहे, पवित्र आहे, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ती माझ्या देशाची सगळ्यांत जुनी आणि सुंदर भाषा आहे, एवढंच त्यांचं कारण होतं. लॅटिन मला येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही, मग ज्या खुणेचा अर्थ आम्हाला वाचताच येत नाही ती आम्ही का मिरवायची?

पत्र लिहिणारी बाई नुकती बाप्तिस्मा घेतलेली, परक्या देशात परक्यांच्या आसऱ्याला राहणारी, विधवा, पदरात लहान मुलगी. जिला लिहिलं ती तिची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी आईच्या नात्याने उभी राहिलेली बाई. हे पत्र आज आपल्याला वाचता येतं, कारण ज्यांना ते बोचलं त्यांनीच ते जपून ठेवलं. एकच नव्हे, अशी कितीतरी. या लेखात मी हेच प्रकरण तपासायला घेतलं आहे: एका मिशनरी बाईने दुसऱ्या देशातल्या एका बाईच्या श्रद्धेचा आणि सेवेचा मान राखला तो नेमका कसा, कुठे राखला नाही, आणि शेवटी काय उरलं.

हे प्रकरण निवडायचं कारण सांगतो. मिशनच्या इतिहासात स्थानिक बायकांचं कौतुक पुष्कळ आहे. एकोणिसाव्या शतकातले अहवाल चाळले की आमची एक विश्वासू बायबलबाई, अमुक गावात अनवाणी हिंडून वचन सांगते, अशी वाक्यं भेटतात. बाईचं काम दिसतं, कष्ट दिसतात. अनेकदा नाव मात्र अर्धंच असतं आणि तिला स्वतःला काय वाटत होतं ते तर क्वचितच. सेवेचं कौतुक करणं सोपं आहे, कारण सेवा संस्थेच्या खात्यावर जमा होते. श्रद्धेचा मान राखणं कठीण जातं, कारण श्रद्धेबरोबर त्या माणसाची स्वतःची बुद्धी येते आणि ती बुद्धी उद्या आपल्याच विरुद्ध उभी राहू शकते. वाँटेजमध्ये ती उभी राहिली.

इंग्लंडला पोचेपर्यंत

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. त्यामुळे क्रूसावरच्या अक्षरांचा वाद मला नुसता देशाभिमानाचा वाटत नाही. ज्या भाषेपायी आईबापांनी वनवास पत्करला, ती त्यांच्या दृष्टीने घरची भाषा होती. तीर्थयात्रा, पुराणं सांगणं, आणि 1870 च्या दशकातला दुष्काळ. त्यात आई, वडील, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 च्या सुरुवातीला पती पटकीने गेले.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली. या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे राहिले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मिशनने त्यांना उचलून नेलं नव्हतं, त्या आपल्या पैशाने गेल्या. पुण्यात पंचहौद भागात ज्या मठाच्या भगिनी काम करत होत्या, तोच मठ म्हणजे इंग्लंडमधलं वाँटेजचं कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन. ठरलं असं की रमाबाईंनी भारतात जाऊ पाहणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची आणि त्यांनी रमाबाईंना इंग्रजी शिकवून राहायची सोय करायची. देवाणघेवाण बरोबरीची होती, निदान कागदावर.

एप्रिल 1883 मध्ये रमाबाई, छोटी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत निघाल्या. निघताना रमाबाईंनी आपल्या माणसांना सांगितलं होतं की धर्म बदलणार नाही. वाँटेजला पोचल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंनी तिथेच आत्महत्या केली. परक्या देशात सोबतीला असलेलं एकुलतं एक प्रौढ माणूस असं गेल्यावर मागे राहिलेलीची काय अवस्था झाली असेल? पुढे जे घडलं त्याचा न्याय करताना हे दुःख नजरेआड करता येत नाही. त्यानंतर 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. चर्चच्या नोंदीत रमाबाई ‘मेरी रमा’ झाल्या.

बाप्तिस्म्यामागे काय होतं, हे त्यांनी स्वतः पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात सांगितलं आहे. भगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. तिथे ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी मठाचं आश्रयस्थान होतं. त्या बायका पूर्ण बदलून गेलेल्या, इतरांची सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या. त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत अशा बाईला शिक्षाच सांगितली होती. मग इथे माया कशी? त्यांनी विचारलं तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या बाईशी येशू बोलत बसतो ती गोष्ट. रमाबाईंचं मन तिथे वळलं. युक्तिवादाची बाजू नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे यांनी सांभाळली. तेही संस्कृत पंडित, धर्मांतरित. त्यांच्या लिखाणाचा प्रभाव रमाबाईंनी मान्य केला आहे. पण मला स्वतःला वाटतं की पंडिताने बुद्धी पटवली आणि फुलहॅमच्या बायकांनी मन.

सिस्टर जेराल्डाइन

जेराल्डाइन रमाबाईंच्या धर्ममाता. मनोरमा त्यांना आजीबाई म्हणे, आणि रमाबाईही पत्रांच्या वर ‘आजीबाई’ असंच लिहीत. इंग्रजी पत्र, इंग्रजी वाक्यं, आणि मायना मराठी. या एका शब्दात नात्याची सगळी गुंतागुंत आहे. आजी लाड करते, आजी रागावते. आजीशी भांडता येतं आणि भांडून घर तुटत नाही.

1884 पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहू लागल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील. रमाबाई तिथे शिकत आणि संस्कृत शिकवत. वैद्यकी शिकायची आस होती, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ती सोडावी लागली. मनोरमा बराच काळ वाँटेजला भगिनींकडेच असे. त्यामुळे मायलेकींमध्ये अंतर आणि मध्ये आजीबाई. रोजचे, घरगुती, धर्माचे, सगळे प्रश्न पत्रांतूनच सुटायचे किंवा चिघळायचे.

ताटातला वाद

पहिली ठिणगी स्वयंपाकघरात पडली. रमाबाई शाकाहारी होत्या, अंडं घातलेली पुडिंगही त्यांना चालत नसत. जेराल्डाइनना यात जातीचा अभिमान दिसला. ख्रिस्ती झाल्यावरही ही बाई ब्राह्मणपणाला चिकटून आहे, नम्रता शिकत नाही, असा त्यांचा सूर. रमाबाईंनी उत्तर दिलं ते वाचताना आजही बरं वाटतं. तुम्हाला हवं तर माझा गर्व ‘पाय’ नावाच्या पेस्ट्रीत आणि पुडिंगमध्ये शोधा, दुधालोण्यात शोधा, पाण्यात आणि भातात शोधा, बुटामोज्यांत शोधा, मी रोज जाळते त्या कोळशातही शोधा, असं त्यांनी लिहिलं. आणि पुढे विचारलं की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला त्रास होत नसताना तिने आपल्या सवयी बदलल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का?

इथे थोडं थांबायला हवं, कारण जेराल्डाइन सर्वस्वी चुकीच्या नव्हत्या. अन्न आणि जात यांचा संबंध आपल्याकडे किती घट्ट होता, हे त्यांच्या पुण्यातल्या मिशनलाच पुढे अनुभवायला मिळालं. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये पुण्याच्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहाबिस्किटं ठेवली गेली आणि त्यातून केवढं रामायण झालं! टिळक, रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. म्हणजे भारतात पाच-दहा वर्षं काढलेल्या मिशनऱ्याला अन्नातल्या नकारात जातच दिसावी, हे समजण्यासारखं आहे. चूक अशी झाली की जेराल्डाइननी समोरच्या बाईला विचारण्याआधीच तिच्या नकाराचा अर्थ ठरवून टाकला. जातीबाहेर लग्न केलेली, समुद्र ओलांडून आलेली, बाप्तिस्मा घेतलेली बाई अंडं खात नाही, यात जातीचा पुरावा शोधायचा की तिच्या आवडीनिवडीचा, वाढण्याचा? रमाबाईंनी शाकाहार शेवटपर्यंत सोडला नाही आणि पुढे केडगावला काढलेल्या मुक्तीसदनात हर जातीच्या मुलींबरोबर जेवल्या. म्हणजे त्यांचं उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यानेही दिलं.

वर्गातला वाद

दुसरं प्रकरण जास्त गंभीर. चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली. यावर भारतातले दोन बिशप, लाहोरचे फ्रेंच आणि मुंबईचे माइल्न, अस्वस्थ झाले. त्यांनी मिस बीलना पत्रं लिहिली. मुद्दा असा की भारतात ही गोष्ट कळली तर रमाबाईंची प्रतिष्ठा जाईल, त्यांच्या हातून पुढे होणाऱ्या कामाला धक्का बसेल. त्यांना इंग्लंडमध्ये फार वर चढवू नये, असाही भाव त्या पत्रव्यवहारात आहे.

काळजीच्या भाषेत लिहिलेली बंदी किती सभ्य दिसते, याचा हा नमुना आहे. आणि रमाबाईंचं उत्तर त्याहून सभ्य, पण धारदार. माझ्या आईने किंवा मी स्वतः पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, ती काही इंग्रज लोक घेत आहेत याचं मला नवल वाटतं, असं त्यांनी लिहिलं. ज्या हिंदू घराच्या अंधारातून या बाईला बाहेर काढलं असा मिशनचा समज होता, त्या घराने तिला जे दिलं होतं तेच चर्चचे अधिकारी काढून घेत होते. रमाबाईंनी हे ओरडून सांगितलं नाही. नुसतं वडिलांचं आणि नवऱ्याचं उदाहरण पुढे ठेवलं.

मिस बील या प्रकरणात वेगळ्या उठून दिसतात. त्यांनी रमाबाईंच्या प्रश्नांना उद्धटपणा मानलं नाही. लांबलचक पत्रांतून त्या तत्त्वज्ञानाच्या पातळीवर चर्चा करत राहिल्या. शंका असलेल्या माणसाला आधी शांत केलं पाहिजे असं जेराल्डाइनना वाटे, त्याला आधी उत्तर दिलं पाहिजे असं बीलना. दोघींचं रमाबाईंवर प्रेम होतं. पण बाईंची बुद्धी हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे, हे ओळखलं ते बीलनी.

उपासनेतला वाद

खरं दुखणं इथे होतं. रमाबाईंनी येशूला मानलं होतं, पण अँग्लिकन पंथाचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, सगळा मतसंच त्यांना पटत नव्हता. त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), कुमारी मरियेपोटी येशूचा जन्म, चर्चमध्ये म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीतली वाक्यं, या सगळ्यावर त्या बायबल पुढ्यात घेऊन प्रश्न विचारत. मनोरमाला काय शिकवायचं यावरही आई आणि आजीबाई यांच्यात तणाव झाला. ज्या गोष्टी मला स्वतःला पटलेल्या नाहीत त्या माझ्या लेकीच्या तोंडी घालू नका, असं आईचं म्हणणं.

मे 1885 मधलं त्यांचं एक पत्र या सगळ्या पत्रव्यवहाराचा कळस आहे. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे, आणि देवाने मला जे करायला मोकळीक दिली आहे ते मी करणार, असा त्याचा आशय. ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे, पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. मोठ्या कष्टाने भारतातल्या भटांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, आता लगेच तसल्याच दुसऱ्या जोखडात ती घालायची माझी तयारी नाही.

जेराल्डाइनना हे वाचून काय वाटलं असेल? त्यांच्या त्या काळच्या पत्रांत राग आहे, दुःख आहे, आणि ही मुलगी अहंकारापायी वाट चुकते आहे अशी खरीखुरी भीती आहे. त्यांच्या दृष्टीने हा वाद मताचा नव्हताच, आत्म्याच्या तारणाचा होता. आजच्या वाचकाला रमाबाईंच्या बाजूने उभं राहणं सोपं जातं, आणि मीही तिथेच उभा आहे. पण जेराल्डाइनची भीती खोटी नव्हती, एवढं मान्य केल्याशिवाय त्यांनी पुढे जे केलं त्याची किंमत कळत नाही.

इकडे महाराष्ट्रात तर रमाबाईंच्या धर्मांतरावर गदारोळ चालूच होता. त्यात त्यांची बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी, 1885 च्या ‘सत्सार’मध्ये. फुले ख्रिस्ती नव्हते. एका बाईने विचार करून निर्णय घेतला याचा त्यांना मान होता. वाँटेजमध्ये जे जेराल्डाइनना जमत नव्हतं ते पुण्यात एका सत्यशोधकाला जमलं, ही नोंद या प्रकरणात असायलाच हवी.

वाँटेज सुटल्यावर

फेब्रुवारी 1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला निघाल्या. निमित्त आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं, 11 मार्चचं, फिलाडेल्फियाचं. त्या तिथेच थांबल्या. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी हे सदन पुण्याला हललं. सदनात धर्म शिकवायचा नाही अशी अट होती. त्यामुळे काही ख्रिस्ती मंडळींना ते पुरेसं ख्रिस्ती वाटेना आणि पुण्याच्या सनातन्यांना ते धर्मांतराचा अड्डा वाटू लागलं. रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, काही मुली येऊन बसत. एवढ्यावरून 1893 मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, हिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं तेही याच वर्षी.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. ज्या दुष्काळाने आईबाप नेले, त्याच्या तोंडातून. केडगावच्या माळावर मुक्तीसदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जीव होते. शेती, विणकाम, घाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. आणि कृपासदन, ज्या बायकांना कोणीच दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी. कृपासदनाचं बीज मला फुलहॅममध्ये दिसतं. वाँटेजच्या भगिनींनी रमाबाईंना मतं शिकवायचा जो आटापिटा केला तो बराचसा वाया गेला. एके दिवशी त्यांना सोबत नेऊन आपलं काम दाखवलं, ते रुजलं आणि केडगावात उगवलं.

अखेरची बरीच वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवले ते मुक्तीच्या बायकांनी. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते 1924 मध्ये. क्रूसावर आपल्याला वाचता येईल अशी अक्षरं हवीत म्हणणारी बाई चाळीस वर्षांनी संपूर्ण शास्त्र गावातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत ठेवून गेली. हट्ट तोच होता.

मान कोणी कसा राखला

आता मूळ प्रश्न. रमाबाईंचे सन्मान पुष्कळ झाले. सरकारने 1919 मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिलं. स्वतंत्र भारताने 1989 मध्ये टपाल तिकीट काढलं. पुण्यात राहिलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी 1926 मध्ये त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. मराठी संतांचे अभंग इंग्रजीत नेणारे हेच मॅकनिकोल. त्यामुळे रमाबाईंच्या श्रद्धेत मराठी मातीचा वाटा किती हे ओळखण्याची त्यांची तयारी होती. चरित्र आदराने लिहिलेलं आहे.

चर्च ऑफ इंग्लंडच्या पंचांगात 30 एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणाचा आहे, शास्त्राच्या भाषांतरकार म्हणून. ज्या चर्चच्या बिशपांनी त्यांना पुरुषांच्या वर्गावर जाऊ देऊ नका म्हणून पत्रं लिहिली, त्याच चर्चमध्ये आता त्यांच्या नावाने प्रार्थना होते. मला याचा आनंद वाटतो. पण पंचांगातलं नाव पाहा: पंडिता मेरी रमाबाई. ‘मेरी’ हे बाप्तिस्म्याचं नाव मधे येऊन बसलं आहे. जगाने आणि महाराष्ट्राने त्यांना ज्या नावाने ओळखलं ते एवढं लांब नव्हतं. मान देतानाही आपलं लेबल लावायची सवय किती चिवट असते, ते या एका शब्दात दिसतं.

या सगळ्यांच्या शेजारी मी सिस्टर जेराल्डाइनचं काम ठेवतो. त्यांनी रमाबाईंचा पत्रव्यवहार गोळा केला, लावला, टिपा जोडल्या. हा संग्रह 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. शहा धर्मनिरपेक्षतावादी, कुठल्याच चर्चचे नव्हेत, आणि रमाबाईंबद्दल त्यांना विलक्षण आदर. म्हणजे मठातल्या एका भगिनीने जपलेलं धन एका निरीश्वरवादी वळणाच्या माणसाने लोकांपुढे आणलं.

संग्रहात काय आहे ते नीट बघण्यासारखं आहे. रमाबाईंची प्रेमळ पत्रं आहेत, तशी जेराल्डाइनना झोंबणारीही आहेत. पुडिंगचं आहे, क्रूसाचं आहे, जोखडाचं आहे. बिशपांची मिस बीलना आलेली पत्रं आहेत. जेराल्डाइनची स्वतःची पत्रंही आहेत, ज्यांत त्या ठिकठिकाणी संकुचित आणि हेकट दिसतात. संग्रह करणाऱ्याच्या हाती कात्री असते. चार पत्रं गाळली असती तर गोड धर्ममाता आणि कृतज्ञ लेक असं चित्र उभं राहिलं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. मिशनच्या साहित्यात अशी चित्रं कमी नाहीत.

त्यांनी ती गाळली नाहीत. यासाठी त्यांचं मत बदललं असेलच असं मानायची गरज नाही. टिपांमधून त्यांचा जुना सूर मधूनमधून ऐकू येतोच. आणि म्हणूनच मला ही कृती मोठी वाटते. पटल्यावर मान देणं वेगळं. पटत नसताना समोरच्या बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत, पूर्ण, सही-तारखेसह पुढच्या पिढीच्या हाती देणं वेगळं. 1885 मध्ये जेराल्डाइननी रमाबाईंच्या सदसद्विवेकबुद्धीला जागा दिली नाही. ती जागा त्यांनी पुढे कागदावर दिली.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो खरा आहे. पत्रं जपणं म्हणजे ताबा ठेवणंही असतं. टिपा लिहिणारी बाई शेवटचा शब्द आपला ठेवते. जेराल्डाइनच्या टिपांत तसं होतंही. पण दोघींचे शब्द शेजारी शेजारी छापले की वाचणारा टिपेवर थांबत नाही, पत्राकडे परत जातो. गेली जवळपास पन्नास वर्षं अभ्यासक तेच करत आले आहेत. वसाहतीच्या काळात एक भारतीय बाई चर्चच्या सत्तेला काय उत्तर देत होती, हे तिच्या तोंडून ऐकायचं तर सगळे याच संग्रहाकडे जातात.

संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना हे प्रकरण वाचून दाखवावं असं मला फार वाटतं, मिशनच्याच नव्हे, कुठल्याही. आपल्याकडे सेवा केलेल्या बाईच्या निरोपसमारंभात शाल देतात, तिचं मनोगत अहवालात दोन ओळींत येतं. तिने कधी व्यवस्थापनाला लिहिलेलं तक्रारीचं पत्र कोणाच्या कपाटात असतं का? ती कशावर अडून बसली होती आणि का, हे कोणी लिहून ठेवतं का?

शारदा सदन, केडगाव, दुष्काळ, इतकं सगळं अंगावर असतानाही रमाबाईंनी वाँटेजशी पत्रव्यवहार तोडला नाही. मतभेद मिटले नव्हते. तरी वाँटेजच्या त्या बाईंना लिहायचं झालं की वरचा मायना मराठीच राहिला: आजीबाई.